वारंवार पडणारे मूल : धांदरटपणा की आजाराची खूण?

वार्षिक अहवालात जमाखर्चाच्या पत्रकांबरोबर आरोग्यविषयक एखाद्या प्रश्नाची सविस्तर माहिती द्यावी, अशी आपल्या संस्थेची प्रथा आहे. यंदा त्यासाठी लहान मुलांचे वारंवार पडणे, अडखळणे आणि चालण्यातील बेढबपणा हा विषय घेतला आहे. विषय वरवर किरकोळ वाटेल. पडत नाही असे मूल कोणत्या घरात असते? परंतु बालरोग विभागाच्या बाह्यरुग्ण कक्षात ‘सारखं पडतंय’ ही तक्रार घेऊन येणाऱ्या पालकांपैकी काहींना निश्चिंत करून घरी पाठवता येते, काहींच्या मुलांना थोड्या औषधोपचाराने पूर्ण बरे करता येते, आणि मोजक्या मुलांच्या बाबतीत हीच तक्रार एका गंभीर आजाराची पहिली सूचना असते. या तिन्ही गटांतील मुले पहिल्या दृष्टिक्षेपात सारखीच दिसतात. त्यांतील फरक पालकांनी कसा ओळखावा, हे सांगण्याचा या लेखाचा उद्देश आहे.

प्रस्तुत लेखक वैद्यकीय क्षेत्रातील नाही, वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. त्यामुळे रोगांची चर्चा सामान्य माणसाला समजेल तेवढीच केली आहे. लेख वाचून घरच्या घरी निदान करू नये. डॉक्टरांकडे केव्हा जावे एवढेच यावरून ठरवावे, ही विनंती.

पडणे हा चालणे शिकण्याचाच भाग

जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतील निरोगी बालकांची पाहणी करून २००६ साली जी प्रमाणे प्रसिद्ध केली, त्यांनुसार मूल आधाराविना चालू लागण्याचा काळ सुमारे ८ महिन्यांपासून साडेसतरा महिन्यांपर्यंत असू शकतो. म्हणजे शेजारचे मूल दहाव्या महिन्यात चालले आणि आपले पंधराव्या महिन्यात चालले, तर त्यात काळजीचे कारण नाही. मात्र दीड वर्ष पूर्ण होऊनही मूल आधाराविना चालत नसेल, तर ‘आपल्याकडे सगळेच उशिरा चालतात’ असे म्हणून थांबू नये.

चालू लागलेले मूल किती पडते, याची मोजणीही झालेली आहे. न्यूयॉर्क येथील संशोधकांनी १२ ते १९ महिन्यांच्या बालकांचे निरीक्षण करून २०१२ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. खेळताना ही बालके तासाला सरासरी २,३६८ पावले टाकत होती आणि १७ वेळा पडत होती. पडणे, उठणे, पुन्हा चालणे या क्रमातूनच मेंदू, डोळे, कान आणि स्नायू यांची जुळणी होत असते. म्हणून दीड वर्षाच्या मुलाचे पडणे ही त्याच्या शिक्षणाची फी आहे असे समजावे.

ही फी वयाबरोबर कमी होत जाते. दुसऱ्या वर्षाच्या सुमारास मूल धावू लागते, तिसऱ्या वर्षाच्या आसपास एकेका पायरीवर एकेक पाय ठेवून जिना चढते, चौथ्या-पाचव्या वर्षी एका पायावर उड्या मारू शकते. दोन वर्षांपर्यंत पाय थोडे बाहेरच्या बाजूस वाकलेले असणे, तीन-चार वर्षांच्या सुमारास गुडघे एकमेकांकडे झुकणे, पाच-सहा वर्षांपर्यंत तळव्याची कमान दिसून न येणे, हे सर्व बहुधा नैसर्गिक असते आणि सात-आठ वर्षांपर्यंत आपोआप सुधारते. अशा मुलांना महागडे बूट किंवा पट्टे घेण्याची घाई करू नये.

एका दिवसाची शिल्लक आणि वर्षाचा कल

हिशेबाच्या व्यवहारात केवळ एका दिवसाची शिल्लक पाहून धंदा नफ्यात आहे की तोट्यात, हे सांगता येत नाही. आरंभीची शिल्लक आणि अखेरची शिल्लक शेजारी ठेवावी लागते. मुलाच्या पडण्यासही हाच नियम लागू आहे. ‘मूल आज किती वेळा पडले’ यापेक्षा ‘सहा महिन्यांपूर्वी जे जमत होते ते आज अधिक चांगले जमते, तेवढेच जमते, की कमी जमते’ हा प्रश्न अधिक मोलाचा आहे.

पडणे कमी होत असेल तर बहुतेक वेळा धीर धरावा. सहा महिन्यांत काहीच फरक नसेल तर दाखवून घ्यावे. पूर्वी जमणारी गोष्ट आता जमेनाशी झाली असेल, उदाहरणार्थ पायऱ्या चढणारे मूल कठडा धरू लागले असेल किंवा धावणारे मूल मागे पडू लागले असेल, तर एक आठवडाही वाया घालवू नये. या लेखातील एवढी एकच गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवली तरी लेखाचा हेतू साध्य झाला, असे मानता येईल.

घरी करावयाची निरीक्षणे

यासाठी यंत्र लागत नाही. आपल्या अंगणात आणि आपल्या खेळांतच पुष्कळशा परीक्षा दडलेल्या आहेत.

१) मुलाला जमिनीवर मांडी घालून बसवावे आणि उठण्यास सांगावे. निरोगी मूल झटकन उठते. एखादे मूल मात्र आधी ओणवे होते, दोन्ही हात जमिनीवर टेकते, मग ते हात गुडघ्यांवर आणि मांड्यांवर ठेवून स्वतःच्याच अंगावर चढल्यासारखे उभे राहते. तीन-चार वर्षांच्या पुढे असे उठणे हे कमरेच्या व मांडीच्या स्नायूंतील अशक्तपणाचे लक्षण असते. लंडनचे डॉ. विल्यम गॉवर्स यांनी १८७९ साली याचे सविस्तर वर्णन केले, म्हणून डॉक्टर आजही यास त्यांच्या नावाने ओळखतात.

२) पाच वर्षांच्या मुलास लंगडी घालण्यास सांगावे. एका पायावर चार-पाच उड्या मारता याव्यात. एका पायावर जमते आणि दुसऱ्यावर मुळीच जमत नाही, असे असल्यास तेही सांगावे.

३) चपलांचे तळ पाहावेत. चवड्याकडचा भाग लवकर झिजत असेल तर मूल टाचा न टेकता चालत असण्याचा संभव आहे. एकच चप्पल अधिक झिजत असेल तर एका बाजूचा पाय ओढला जात असावा.

४) मूल केव्हा पडते याची नोंद ठेवावी. दिवेलागणीनंतरच धडपडत असेल तर डोळ्यांची शंका घ्यावी. सकाळी ठीक आणि सायंकाळी थकून पडत असेल तर तेही महत्त्वाचे आहे. पडण्यापूर्वी क्षणभर भान हरपते का, हेही पाहावे.

५) अनेक घरांत आता मोबाईल आहे. मूल चालताना, पायऱ्या चढताना आणि जमिनीवरून उठताना अर्ध्या मिनिटाचे चित्रीकरण करून ठेवावे. दवाखान्यात आल्यावर मूल बुजते आणि आईच्या कडेवरून उतरत नाही. अशा वेळी हे चित्रीकरण डॉक्टरांस फार उपयोगी पडते.

बरी होणारी कारणे

वारंवार पडण्यामागची अनेक कारणे साधी आहेत. त्यांतील पहिले डोळ्यांचे. नजर कमी असलेल्या मुलास आपल्याला कमी दिसते हेच ठाऊक नसते. सर्वांना जग असेच धूसर दिसते, असे ते समजते. उंबऱ्याला ठेच लागणे, पायरी चुकणे, चेंडू न झेलता येणे, ही त्याची लक्षणे होत. चष्मा लागताच असे मूल बदलून गेल्यासारखे वाटते. ‘अ’ जीवनसत्त्वाच्या अभावी होणारा रातांधळेपणा पूर्वीपेक्षा कमी झाला असला, तरी त्याचे डोस चुकवू नयेत. नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी एक याप्रमाणे एकूण नऊ डोस शासनातर्फे विनामूल्य दिले जातात.

दुसरे कारण मुडदूस. ‘ड’ जीवनसत्त्व आणि कॅल्शियम यांच्या कमतरतेने हाडे मऊ पडतात, मनगटे रुंद दिसतात, पाय धनुष्यासारखे वाकतात आणि मूल बदकासारखे डुलत चालते. आपल्याकडे ऊन भरपूर, तरी मुडदूस का, असा प्रश्न विचारला जातो. तान्ह्या मुलास सतत गुंडाळून अंधाऱ्या खोलीत ठेवणे, अंगावरच्या दुधाखेरीज वरचे अन्न उशिरा सुरू करणे आणि मातेच्या शरीरातच या जीवनसत्त्वाचा तुटवडा असणे, ही त्याची कारणे आहेत. योग्य मात्रेत औषध दिल्यास मुडदूस बरा होतो. मात्र ‘ड’ जीवनसत्त्वाची इंजेक्शने स्वतःच्या मनाने वारंवार देऊ नयेत, कारण अतिरेकाने मूत्रपिंडांस इजा होते.

याखेरीज कानामागील सर्दी, म्हणजे कानाच्या पडद्यामागे साठलेले पाणी, हेही तोल जाण्याचे एक कारण आहे. थायरॉइडची कमतरता आणि ‘बी-१२’ जीवनसत्त्वाचा अभाव यांमुळेही स्नायू सैल पडतात. फिट्सचे औषध चालू असलेल्या मुलाचा तोल एकाएकी जाऊ लागला, तर औषधाची मात्रा अधिक होत असण्याची शक्यता असते. अशा वेळी औषध परस्पर बंद न करता डॉक्टरांना त्वरित भेटावे.

शाळकरी वयातील शंभर मुलांपैकी सुमारे पाच-सहा मुलांमध्ये कोणताही आजार नसताना हालचालींचा मेळ बसत नाही. बुद्धी चांगली असते; परंतु गुंड्या लावणे, बुटाची नाडी बांधणे, रेषेवर लिहिणे, दोरीवरून उड्या मारणे यांत ही मुले मागे पडतात. त्यांनाच आपण धांदरट, वेंधळा, ‘हाताचं पायाला ठाऊक नाही’ अशी विशेषणे लावतो. हा आळस नव्हे आणि बेपर्वाईही नव्हे. जी क्रिया जमत नाही तिचे लहान लहान भाग पाडून रोज थोडा सराव करून घेतल्यास पुष्कळ सुधारणा होते. शिक्षकांनी अशा मुलास वर्गासमोर हिणवू नये, हे येथे मुद्दाम सांगितले पाहिजे.

जन्माच्या वेळी किंवा त्याच्या आगेमागे मेंदूस इजा झाल्याने येणारा सेरेब्रल पाल्सी हा विकार याहून वेगळा. जन्मतः उशिरा रडणे, अपुऱ्या दिवसांचे बाळंतपण, तीव्र कावीळ असा इतिहास त्यात बहुधा सापडतो. पाय ताठ असतात, मूल चवड्यांवर चालते किंवा पायात पाय अडकून पडते. मेंदूची मूळ इजा वाढत नाही. परंतु उपचाराविना स्नायू आखडत जातात. फिजिओथेरपी जितकी लवकर सुरू होईल तितके मूल अधिक स्वावलंबी होते.

एका आजाराविषयी अधिक

ज्या आजारासाठी हा लेख लिहावासा वाटला, तो म्हणजे ड्युशेन स्नायुविकार. फ्रेंच वैद्य ड्युशेन यांनी १८६० च्या दशकात त्याचे वर्णन केले. साधारण साडेतीन ते पाच हजार मुलग्यांमागे एकास तो होतो. स्नायूंच्या पेशींना बळकटी देणारे डिस्ट्रोफिन नावाचे प्रथिन या मुलांच्या शरीरात तयार होत नाही. त्याचे जनुक १९८६-८७ साली सापडले.

आरंभीची दोन-तीन वर्षे मूल जवळजवळ निरोगी दिसते. किंबहुना पोटऱ्या भरदार दिसू लागल्याने घरच्यांना समाधान वाटते. मग ते मूल धावण्यात मागे पडते, पायऱ्यांवर थांबते, सारखे पडते, आणि वर सांगितल्याप्रमाणे मांड्यांवर हात टेकून उठते. उपचार न झाल्यास साधारण बाराव्या वर्षाच्या आत चालणे बंद होते. पुढे हृदय व श्वसनाचे स्नायूही दुर्बल होतात. पहिले लक्षण दिसल्यापासून निदान होईपर्यंत प्रगत देशांतही सुमारे दोन वर्षे किंवा अधिक काळ निघून जातो, असे आढळले आहे.

वास्तविक या आजाराची पहिली चाचणी अगदी साधी आहे. ‘सीपीके’ नावाच्या रक्ततपासणीत सामान्य मुलाचा आकडा शे-दोनशेच्या आसपास असतो, तर या आजारात तो कित्येक हजारांवर जातो. तपासणीचा खर्च काही शेकड्यांत असतो. त्यानंतर जनुकीय चाचणीने निदान निश्चित होते. आणखी एक बाब नोंदवण्यासारखी आहे. या मुलांच्या रक्तात ‘एसजीओटी’ व ‘एसजीपीटी’ हे घटकही वाढलेले असतात. ते यकृताप्रमाणे स्नायूंतूनही येतात. त्यामुळे कधी कधी काविळीचा समज होऊन महिनोन्‌महिने यकृताची औषधे दिली जातात. डोळे पिवळे नसताना हे आकडे वाढलेले असतील आणि मूल पडत असेल, तर ‘सीपीके करून घ्यावी का?’ असे पालकांनी स्वतःहून विचारावे.

आजार बरा होत नाही, मग निदानाची घाई कशासाठी, असा प्रश्न दुःखी माणसाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याची उत्तरे तीन आहेत.

पहिले असे की, योग्य वेळी सुरू केलेल्या स्टिरॉइड औषधांनी चालण्याचा काळ काही वर्षांनी वाढतो. फिजिओथेरपी, रात्री पायांस लावायचे स्प्लिंट, हृदयाची नियमित तपासणी आणि पुढे श्वसनास यंत्राचे साहाय्य यांमुळे आज यांतील अनेक रुग्ण वयाची पंचविशी-तिशी पाहतात.

दुसरे असे की, निदान नसेल तर नकळत अपाय होतो. मूल अशक्त आहे म्हणून त्याला बैठका काढायला लावणारे, पळवणारे प्रेमळ नातेवाईक आपण पाहतो. अशा श्रमाने हे नाजूक स्नायू अधिकच फाटतात. ताकदीची इंजेक्शने आणि सलाइन यांचा काहीही उपयोग होत नाही. शस्त्रक्रियेचा प्रसंग आल्यास भूल देणाऱ्या डॉक्टरांस या आजाराची कल्पना द्यावीच लागते, कारण भुलेची काही औषधे या मुलांना घातक ठरतात.

तिसरे उत्तर साऱ्या कुटुंबाशी संबंधित आहे. सुमारे दोनतृतीयांश मुलांमध्ये हा दोष मातेकडून आलेला असतो, उरलेल्यांत तो त्या मुलातच नव्याने उद्भवतो. माता स्वतः बहुधा निरोगी असते. दोषवाहक मातेच्या प्रत्येक मुलास हा आजार होण्याची आणि प्रत्येक मुलीस दोषवाहक होण्याची शक्यता निम्मी असते. निदानास दोन-तीन वर्षे उशीर झाला, तर त्या काळात धाकटा मुलगा जन्मलेला असतो आणि त्यालाही तोच आजार असू शकतो. एकाच घरातील दोन भावंडे एकामागून एक अंथरुणास खिळणे यासारखे दुःख नाही. वेळेवर निदान झाल्यास नोंदणीकृत केंद्रात, प्रसवपूर्व निदानतंत्राच्या कायद्याच्या चौकटीत, पुढील गरोदरपणी तपासणी करता येते. मामा किंवा मावसभाऊ यांपैकी कोणी लहानपणीच चालेनासे झाले होते का, हा प्रश्न डॉक्टर म्हणूनच विचारतात. त्याचा अर्थ सुनेला दोष देणे असा नव्हे. जनुके कोणी निवडून देत नाही. या कारणावरून एखाद्या मातेस माहेरी पाठवणे हा शुद्ध अन्याय आहे.

आपल्या भागात मामाच्या किंवा आत्याच्या मुलीशी विवाह करण्याची पद्धत आहे. ड्युशेनचा या पद्धतीशी थेट संबंध नाही. परंतु स्नायूंचे आणि तोल सांभाळणाऱ्या मज्जासंस्थेचे दुसरे काही आनुवंशिक आजार अशा विवाहांत अधिक संभवतात. म्हणून ही माहितीही लपवू नये.

तातडीने न्यावे असे प्रसंग

काल चांगले चालणारे मूल आज पाय उचलत नसेल तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्यावे. भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि मार्च २०१४ मध्ये आपला देश असलेल्या विभागास पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले. तरीही १५ वर्षांखालील कोणत्याही मुलास अचानक लुळेपणा आल्यास आरोग्य यंत्रणेस कळवावे लागते. गियां-बारे या विकारातही पायांपासून वर चढत जाणारा लुळेपणा येतो. २०२५ च्या आरंभी पुण्यातील साथीमुळे त्याचे नाव घरोघरी पोहोचले. तोल जाण्याबरोबर सकाळची डोकेदुखी व उलट्या असतील, डोळा तिरळा होऊ लागला असेल, किंवा मूल चालता चालता धाडकन कोसळून लगेच सावरत असेल, तर मेंदूची तपासणी आवश्यक ठरते. कांजिण्यांनंतर काही मुलांचा तोल तात्पुरता बिघडतो. तो बहुधा आपोआप सुधारतो, परंतु तसा निर्णय डॉक्टरांनी द्यावा.

जिल्ह्याचे वेळापत्रक आणि मुलाचे वेळापत्रक

आतापर्यंतची माहिती कोणत्याही जिल्ह्यास लागू पडेल. बीड जिल्ह्याची अडचण निराळी आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास गावेच्या गावे कोयता घेऊन सांगली, कोल्हापूर, सातारा, पुणे, सोलापूर, अहिल्यानगर आणि सीमेपलीकडे कर्नाटकातील कारखान्यांकडे निघतात आणि गुढीपाडव्याच्या आगेमागे परततात. नवरा-बायको मिळून एक कोयता. लहान मुले त्यांच्याबरोबर फडावरच्या कोपीत राहतात.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. त्यातील वैद्यकीय पथके अंगणवाडीस वर्षातून दोनदा आणि शाळेस एकदा भेट देतात. जन्मजात व्यंगे, कमतरता, आजार आणि विकासातील विलंब यांची तपासणी त्यांत होते, आणि संशयित मुलास पुढील उपचारांसाठी पाठवले जाते. योजना उत्तम आहे. पण पथक गावात येते त्या दिवशी मूल तीनशे किलोमीटर दूर फडावर असेल, तर त्याच्या नावापुढे ‘गैरहजर’ एवढीच नोंद होते. तेथील अंगणवाडीच्या पटावरही ते नसते. अशा रीतीने दोन-तीन हंगाम गेले की मुलाची चौथी-पाचवी वर्षे, म्हणजे निदानाचा खरा काळ, निघून जातात.

फडावर दवाखान्यात जाणेही सोपे नसते. एका दिवसाचा खाडा झाला तर मजुरी बुडते, आणि अनेक टोळ्यांत खाड्याची रक्कम उचलीच्या हिशेबात चढवली जाते. ज्या आजारात ताप नाही, दुखणे नाही, केवळ मूल पडते, त्यासाठी कोण खाडा करील? आणि पडण्याची जागाही साधी नसते. तोडणी झालेल्या फडात उसाची टोकदार बुडखे उभी असतात, बाजूने बैलगाड्या व ट्रॅक्टर जात असतात. तोल न सावरणाऱ्या मुलास हे अंगण धोक्याचे आहे.

यातून मार्ग एकच दिसतो, तो म्हणजे जिल्ह्याच्या वेळापत्रकालाच तपासणीचे वेळापत्रक करणे. टोळी निघण्यापूर्वी एकदा आणि परतल्यावर एकदा, अशी दोन वेळा मुलाची तीच पाच निरीक्षणे करावीत. आरंभीची शिल्लक दसऱ्याला, अखेरची शिल्लक पाडव्याला. मधल्या सहा महिन्यांत मूल पुढे गेले की मागे आले, हे या दोन नोंदींतून कळते. आशा कार्यकर्त्या, अंगणवाडी ताई आणि शाळेतील गुरुजी यांनी मनावर घेतले तर यास पैसा फारसा लागत नाही.

समजुतींविषयी थोडेसे

मूल पडू लागले की दृष्ट काढणे, अंगारा लावणे, गंडा बांधणे हे आजही होते. श्रद्धेवर टीका करण्याचे हे स्थान नव्हे. परंतु २६ डिसेंबर २०१९ च्या सूर्यग्रहणात कलबुर्गी जिल्ह्यात अपंग मुलांना बरे होतील या समजुतीने गळ्यापर्यंत मातीत पुरून ठेवल्याच्या बातम्या सर्वांनी वाचल्या आहेत. हे करणारे आईबाप निष्ठुर नव्हते. त्यांना कोणी वेळेवर माहिती दिलेली नव्हती. अंगारा लावायचा तर लावावा, पण दवाखान्याची गाडी चुकवू नये.

शासकीय साहाय्य

अपंगत्व निश्चित झाल्यास कुटुंबाने खचून न जाता पुढील गोष्टी कराव्यात. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात २१ प्रकारच्या दिव्यांगत्वाचा समावेश असून सेरेब्रल पाल्सी व स्नायुविकार हे दोन्ही त्यात आहेत. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र व ओळखपत्र काढून घेतल्यास शिक्षण, प्रवास आणि निर्वाहसाहाय्याच्या योजनांचा लाभ मिळू शकतो. सेरेब्रल पाल्सीच्या रुग्णांसाठी ‘निरामय’ ही आरोग्यविमा योजना आहे. राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरण २०२१ साली जाहीर झाले. त्याअंतर्गत मुंबईचे के. ई. एम. रुग्णालय हे नेमलेल्या केंद्रांपैकी एक आहे. जिल्ह्यात अंबाजोगाई येथील स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात तज्ज्ञांचा सल्ला मिळतो. कोठे जावे हे कळत नसल्यास आमच्या चौकशी खिडकीवर विचारावे. कागदपत्रांची यादी तेथे मराठीत लिहून दिली जाते.

देणगीदारांस निवेदन

इमारतीस, यंत्रास किंवा खाटेस देणगी देणाऱ्याचे नाव संगमरवरी फलकावर लागते आणि ते योग्यच आहे. परंतु या विषयात सर्वाधिक उपयोगी पडणारा खर्च फलकावर मावणारा नाही. एका मुलाची रक्ततपासणी, फिजिओथेरपीसाठी दर पंधरवड्याचे एस.टी.चे भाडे, आईवडिलांचा बुडणारा रोज, आणि फडावर गेलेल्या कुटुंबास ‘पाडव्यानंतर मुलाला पुन्हा दाखवा’ असा दूरध्वनी करणारा एक कर्मचारी, असे हे किरकोळ खर्च आहेत. जमाखर्चात ते ‘इतर’ या सदरात जातात. एखाद्या मुलाचा उपचार पूर्ण होतो की अर्ध्यावर सुटतो, हे मात्र पुष्कळदा या ‘इतर’ सदरावरच ठरते. विश्वस्त मंडळाने याचा विचार करावा आणि दानशूर हितचिंतकांनी पुनर्तपासणीसाठी स्वतंत्र निधी उभारण्यास हातभार लावावा, अशी नम्र विनंती आहे.

पालकांस अखेरची विनंती एवढीच, की सारखे पडणाऱ्या मुलावर हात उगारण्यापूर्वी त्याला एकदा जमिनीवर बसवून उठायला सांगावे आणि ते कसे उठते हे शांतपणे पाहावे. पुष्कळदा ते झटकन उठून खेळायला पळेल, आणि आपलीही चिंता मिटेल. तसे न झाल्यास दुसऱ्याच दिवशी त्याला दवाखान्यात घेऊन यावे.

— प्रशासक